खळ्यावरची पाखरं

आमच्या घरात कुठलीही गोष्ट साधी होत नसे. म्हैस विकत आणली तरी अण्णा गावभर पेढे वाटायचे, बोअरला पाणी लागलं की मांडव पडून जेवणावळी उठायच्या, आणि मी दहावी पास झाले तेव्हा तर देवळावरच्या भोंग्यातून माझे मार्क विषयवार वाचून दाखवले होते, गणितातले काठावरचेसुद्धा. अण्णा म्हणजे माझे वडील. गावचे सरपंच, धरणाच्या काठाला उसाचं रान, दारात जीप, आणि मनात कायम पुढच्या निवडणुकीचं तिकीट. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरात मयत झाली तर पहिले पोचायचे, कुणाच्या पोरीचं लग्न अडलं तर रात्रीचा दिवस करायचे. पण चार माणसं भोवती असल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे, आणि चारांची चाळीस कधी व्हायची ते चुलीपुढे बसलेल्या बाईलाच कळायचं. ती बाई म्हणजे माझी माय.

माय फार बोलायची नाही. सकाळी चूल पेटली की भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा तो बैठकीतली माणसं उठेपर्यंत चालायचा. येसर आमटीचा वास आमच्या घराच्या भिंतींना बसला होता. कोणी आलं की येसर आमटी, आणि कोणी तरी नेहमीच आलेलं असायचं. बैठकीतून अण्णांची हाक यायची, "चार च्या टाक गं!" माय न बोलता आठ टाकायची, कारण च्या होईपर्यंत आणखी चौघं येणार हे तिला ठाऊक असायचं. मला या हाकेचा इतका राग होता की आजही कुणी दुसऱ्या खोलीतून चहा मागितला की मी ऐकूनही उत्तर देत नाही. माझ्या नवऱ्याला ते लग्नानंतर लवकरच समजलं. तो बिचारा आपला आपण करून घेतो आणि मलाही देतो.

मायचं माहेर पाण्याखाली होतं. आमच्या गच्चीवरून धरणाचं पाणी दिसायचं, त्या पाण्याच्या पोटात कुठेतरी कुंबेवाडी होती. धरण झालं तेव्हा अण्णांच्या रानाला पाणी आलं आणि मायच्या गावावरून पाणी गेलं. जे पाणी आमच्या उसाला मिळायचं ते तिच्या अंगणावरचं होतं, हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. मामांना बदली जमीन मिळाली ती दूर, शिरूर कासारच्या बाजूला, नुसता खडक. दिवाळीच्या आसपास ते कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जायचे, त्यामुळे कित्येकदा भाऊबीजेला ओवाळायला मायला भाऊ सापडायचा नाही. माहेर म्हणून तिच्याजवळ उरली होती ती एक टेकडी. कुंबेवाडीच्या मागे एक माळ होता, तेवढाच पाण्याच्या वर राहिला होता. त्याचं बेट झालं होतं. माणूस नाही, झोपडी नाही, दोन-चार बाभळी आणि दगड. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्या माळाच्या उतारावर एक गोल, फरसबंदी जागा उघडी पडायची. ते आजोबांचं खळं.

त्या माळावर वारं चांगलं म्हणून आजोबांनी तिथं खळं केलं होतं. ज्वारी मळायची, उपणायची, रास लावायची. चैत्रात आम्ही गच्चीवर कुरडया घालायला चढलो की मायचा साचा मधेच थांबायचा. "ते बघ," ती म्हणायची, "पांढरं दिसतंय ना, ते आमचं खळं. तिथं चपला घालून जायचं न्हाई बरं का. आबा लई मारायचे. पाय धुऊन जायचं. खळ्यात लक्ष्मी असती." लांबून मला तिथं फक्त एक पांढुरका ठिपका दिसायचा आणि त्यावर उडणारी पांढरी पाखरं. गव्हाचा चीक साच्यात घट्ट व्हायला लागायचा, हात भाजायचे, आणि माय तिकडेच बघत असायची. मी म्हणायची, मग जा ना एकदा, समोर तर आहे. त्यावर ती हसायची. सरपंचाच्या घरची बाई मासे धरणाऱ्याच्या नावेत एकटी बसून पाण्यात गेली तर गाव काय म्हणेल, हे मला सांगायची गरज नव्हती. आणि अण्णांना वेळ नव्हता. मासे धरणारा लिंबाजी आमच्या रानाच्या खालीच नाव बांधायचा. इतकं सगळं जवळ, आणि तरी गाव बुडाल्यापासून मी अकरावीला जाईपर्यंत मायचा पाय त्या माळाला लागला नव्हता.

मी केजला कॉलेजला जायला लागले आणि तिथं आम्हाला जीवशास्त्राला एक सर आले. नव्याने लागलेले, बारीक, चष्मेवाले, गळ्यात सदैव दुर्बीण. पोरं त्यांना मागून हसायची. एकदा वर्गात त्यांनी नदी सुरय नावाच्या पाखराचं चित्र दाखवलं. डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपूट कात्रीसारखी. मी म्हटलं, सर, ही आमच्या बेटावर असतात. सर फळ्यापासून वळले आणि खडू हातात तसाच धरून माझ्या बाकापाशी आले. "उन्हाळ्यात? खडकावर? बसलेली असतात का?" असं त्यांनी इतक्या अधीरतेने विचारलं की सगळा वर्ग हसला. मग त्यांनी सांगितलं की हे पाखरू घरटं बांधत नाही, उघड्या खडीवरच अंडी घालतं, खड्यांसारखीच दिसणारी. आणि पाण्यातली अशी निर्मनुष्य बेटं त्याला फार थोडी मिळतात. "तुमच्याकडे नाव मिळेल का? चारच जण जाऊ. अगदी शांतपणे. लांबून बघू, कडेला उतरू आणि परत येऊ."

चारच जण. अगदी शांतपणे. हे दोन्ही आमच्या घरात होणं अवघड होतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मी घरी येऊन जेवताना सांगितलं. अण्णांच्या काही बोलण्याआधी चुलीपाशी तव्यावरची भाकरी उलटता उलटता माय म्हणाली, "नाव त्या माळाला लागती का?" मी म्हटलं, लागते. भाकरी फुगली, तिनं ती टोपल्यात टाकली. मग पदर सारखा करून अण्णांकडे न बघता म्हणाली, "मग मी बी येऊ का? खळ्यात जरा उभं राहून येते." मायनं काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. अण्णा घास तोंडाशी नेता नेता थांबले. "चल की! कोण न्हाई म्हणतंय? कावून न्हाई बोललीस आजवर?" आणि ते खरंच खुशीत हसले. मीही हसले. त्या रात्री मायनं मला विचारलं, नावेत बसल्यावर फिरतं का डोकं? मी कुठली नावेत बसलेली, पण मी सांगितलं की अजिबात नाही.

तिथेच सगळं थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत कुणीतरी अण्णांना म्हणालं की पाखरं बघायला म्हणे शहरातून लोक येतात, पेपरात फोटो येतात. झालं. अण्णांच्या डोक्यात तात्यासाहेब आले. तात्यासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. तिकीट ज्यांच्या हातात ते. अण्णा म्हणाले, नाही तरी नाव निघतेच आहे, तर तात्यासाहेबांना बोलावू. मी म्हटलं, सर म्हणालेत चारच माणसं. अण्णा म्हणाले, तात्यासाहेब एकटेच तर आहेत.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिल्या रविवारी माय पहाटे उठून धपाटे करून बसली, दह्याची चटणी, कैरीचं पन्हं, सगळं फडक्यात बांधलं, आणि ऊन डोक्यावर आल्यावर निरोप आला की तात्यासाहेबांना एका लग्नाला जावं लागलं. आम्ही धपाटे दोन दिवस खाल्ले. पुढच्या वेळी कुणाचा तरी दहावा होता. त्याच्या पुढच्या वेळी तात्यासाहेब परळीपर्यंत आले आणि तिथूनच परतले. प्रत्येक वेळी सर केजहून पहिल्या एसटीनं यायचे, डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी, आमच्या ओसरीवर बसायचे, घड्याळ बघायचे, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. "तुमची आई, तुम्ही आणि मी, तिघंच जाऊ या ना," ते एकदा मला हळूच म्हणाले. मी तेच अण्णांना म्हटलं. अण्णा भडकले. तात्यासाहेबांना बोलावून आपण आधी जाऊन यायचं? लोक काय म्हणतील? मी चिडून आतल्या खोलीत गेले तर माय फडक्यातले धपाटे परत डब्यात भरत होती. "तू तरी बोल की," मी म्हटलं. "जाऊ की गं," ती म्हणाली, "खळं कुठं पळून जातंय?" पण खळं पळूनच जात होतं. एकदा पाऊस लागला आणि पाणी चढलं की ते पुन्हा वर्षभरासाठी बुडणार होतं. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी ती तसं म्हणाली, याचाच मला संताप आला. मी डबा आपटला. ठेच्याची वाटी सांडली. तीही तिनंच पुसली.

अखेर एकदाचा तो दिवस ठरला. उन्हाळा संपत आला होता, जमीन तव्यासारखी तापायची. आदल्या दिवसापासून आमच्या अंगणात चुलवण पेटलं, कारण तात्यासाहेब एकटे येणार नव्हते हे आता अण्णांनाही कबूल होतं. पातेलंभर येसर आमटी, भात, भाकऱ्यांच्या चळती, मठ्ठा. माय दमून गेली होती, पण पहाटे तिनं अंघोळ करून हिरवं इरकल नेसलं. ते ती फक्त लग्नाकार्याला काढायची. सर आले तेव्हा तिनं त्यांना धीर करून विचारलं, "पाखरं चावत न्हाईत ना हो सर?" सर म्हणाले, "नाही हो ताई. तीच आपल्याला घाबरतात."

तात्यासाहेबांच्या जिपा आल्या. पांढरे कपडे, अत्तर, पान. काठावर लिंबाजीची नाव उभी, आणि लिंबाजी कपाळाला आठ्या घालून. तो नेहमीच तसा असायचा. मासा मिळाला तरी कुरकुर, नाही मिळाला तरी कुरकुर. "सरपंच, आधीच सांगतो, नाव लहान हाय. बुडली तर माज्या नावानं वरडू नका." नावेत तात्यासाहेब बसले, त्यांचे दोन कार्यकर्ते बसले, अण्णा बसले, फोटोवाला बसला. सरांना अण्णांनी हाताला धरून बसवलं, कारण माहिती सांगायला कुणी तरी हवं. मला सरांनी ओढून घेतलं. माय काठावर उभी होती, हातात चपला घेऊन, कारण काठाच्या चिखलात पाय ठेवायचा होता. अण्णांनी नावेकडे बघितलं, मायकडे बघितलं. "बायामाणसं दुसऱ्या खेपेला," ते म्हणाले, जशा काही तिथं खूप बायका होत्या. "तवर तू जेवणाचं बघ." माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, जायचं तिला होतं!" पण लिंबाजीनं वल्हं टेकवून नाव ढकलली होती. मी मागे बघत राहिले. हिरवं लुगडं लहान लहान होत गेलं.

पाण्यावर मात्र, खोटं का बोला, जीव सुखावला. काठावरची धग मागे राहिली. पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले होते, त्यांवर पाणकावळे पंख पसरून उभे होते, ओले कपडे वाळत घातल्यासारखे. उथळ पाण्यात शेकाट्या आपले लांबलचक लाल पाय उचलत चालत होते. एक खंड्या आमच्या पुढून निळा झपकन गेला. सर दुर्बीण कधी मला द्यायचे, कधी तात्यासाहेबांना. तात्यासाहेब ती उलटी धरून बघत आणि "वा, वा" म्हणत. बेट जवळ यायला लागलं तसे सर कुजबुजायला लागले. लिंबाजीला त्यांनी खुणेनं वल्हं हळू मारायला सांगितलं. आणि मग मला दिसलं. मायचं खळं. गोल, दगडी, मधे खांब रोवायचा खड्डा तसाच. त्या दगडांवर, त्यांच्या फटींतल्या खडीवर, सगळीकडे पाखरं बसलेली होती. राखाडी पाठी, काळ्या टोप्या, पिवळ्या चोची, सगळी वाऱ्याकडे तोंड करून. एक पाखरू उठायचं, पाण्यावर येऊन पोट बुडवायचं आणि परत जाऊन बसायचं. "अंडी गार करताहेत," सर अगदी हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. "उन्हात अंडं भाजून निघतं ना, म्हणून पोट भिजवून बसतात." मी सरांच्या मनगटाला धरून बसले होते.

आता मी जे सांगणार आहे ते आमच्याच घरात होऊ शकतं. मोठा माणूस कुठेही येवो, त्याचं स्वागत झालंच पाहिजे, आणि स्वागत म्हणजे हलगी आणि फटाके. अण्णांनी सकाळीच पहिली खेप गुपचूप करवली होती. हलगीवाले, शालीचं ताट आणि फटाक्यांची भली मोठी लड घेऊन चार माणसं बेटाच्या पलीकडच्या अंगाला बाभळीखाली बसवून ठेवली होती, तात्यासाहेबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून. नाव काठाला लागली. तात्यासाहेबांनी एक पाय दगडावर ठेवला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "तात्यासाहेब आगे बढो!" आणि लड पेटली.

तो आवाज पाण्यावरून किती मोठा होऊन येतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. सगळी पाखरं एकदम उठली. आभाळ पांढरं झालं, किंकाळ्यांनी भरलं. हलगी कडाडत होती, लड फुटतच होती. सर नावेतच उभे राहून "अहो थांबा! थांबवा!" असं ओरडत होते, नाव डुचमळत होती, लिंबाजी त्यांना खाली ओढत होता, "बसा बे मास्तर, बुडवता का समद्यांना!" धूर विरल्यावर तात्यासाहेबांना शाल घातली, फेटा बांधला, नारळ दिला. हे सगळं खळ्यात. आबांच्या खळ्यात, चपला-बूट घालून. सर गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांखालची जागा हातांनी दाखवत होते, "इथं पाय देऊ नका, इथे अंडं आहे, अहो तुमच्या टाचेखाली बघा!" अंडी खरंच खड्यांसारखी होती, लोकांना दिसायचीच नाहीत. काही फुटली. पिवळा बलक दगडांवर ओघळला आणि उन्हानं तिथंच वाळायला लागला. डोक्यावर पाखरं गोल गोल फिरून ओरडत होती. सर अण्णांकडे आले, हात जोडून म्हणाले, "सरपंच, दहा मिनिटांत सगळे परत चला. ती बसल्याशिवाय अंडी वाचणार नाहीत." अण्णा गोंधळले होते, हे मी पाहिलं. पण ते म्हणाले, "सर, तात्यासाहेब दोन शब्द बोलले की लगेच."

तात्यासाहेब दोन शब्द बोलले. ते म्हणाले की या बेटावर आपण बगीचा करू, झोके बसवू, बाकडी टाकू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फेटा सावरत इकडेतिकडे बघितलं आणि अण्णांना विचारलं, "ती पाखरं कुठं हायत म्हणायची?" मला आयुष्यात अनेकदा राग आला आहे. चाळीस वर्षं नोकरी केली, संसार केला, राग येण्याच्या जागा पुष्कळ होत्या. पण तो प्रश्न आठवला की आजही माझी कानशिलं तापतात.

हलगीवाल्यांसकट दोन खेपांत परत आलो तेव्हा सर पाणीसुद्धा न घेता, उन्हात सडकेकडे चालायला लागले. मी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. काठावर पंगत बसली. माय वाढत होती. आमटी वाढत होती, भाकरी चुरून देत होती, "घ्या की अजून" म्हणत होती. इरकलाला काजळी लागली होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, मायची खेप राहिलीय." अण्णा तात्यासाहेबांच्या ताटाशी बसले होते. "आता कुठं? पाव्हणे हायत. परत बघू." लिंबाजी बाभळीच्या सावलीत आडवा झालेला होता, तो म्हणाला, "आता मी न्हाई जाणार. हात मोडले माजे."

मायनं तात्यासाहेबांना मठ्ठा वाढला. शेवटच्या माणसापर्यंत मठ्ठा वाढून तिनं भांडं खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले. मग ती सरळ काठाकडे चालत गेली आणि नावेत जाऊन बसली. सगळ्या पंगतीसमोर. हातातली भाकरी हातातच राहिली लोकांच्या. "लिंबाजी भाऊ," ती म्हणाली, "उठा." तो उठला. मी धावत जाऊन तिच्यासमोर बसले. अण्णा उभे राहिले, तोंड उघडलं, पण तात्यासाहेबांसमोर बायकोला हाक मारून परत बोलवायचं तर ते जास्त वाईट दिसलं असतं. ते खाली बसले.

वाटभर मी बोलत होते. फटाके, अंडी, बलक, भाषण, सगळं सांगत होते, रडत होते, शिव्या देत होते. माय पाण्याकडे बघत होती. मधे एकदा तिनं बोट दाखवलं, "इथं आमची विहीर व्हती." नुसतं पाणी होतं. थोडं पुढं गेल्यावर तिनं चपला काढून नावेत बाजूला ठेवल्या, हात पाण्यात घातला आणि दोन्ही पायांवर पाणी घेतलं. पाय धुऊन खळ्यात जायचं, हे ती इतक्या वर्षांनीही विसरली नव्हती.

बेट आलं. पाखरं परतली होती. सगळी नाही, पण पुष्कळ. खळ्यात शालीचा कागद पडला होता, फटाक्यांचा लाल कचरा पसरला होता, आणि त्याच्या मधे मधे पाखरं बसली होती, चोची उघड्या टाकून धापा टाकत. लिंबाजीनं नाव दगडाला टेकवली. जवळच्या दोन-तीन पाखरांनी माना वर केल्या आणि पंख थोडे उचलले, पण उठली नाहीत. माय उभी राहिली. खळं तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होतं. तिनं मधला खांबाचा खड्डा बघितला. ओठ हलले तिचे. मी म्हटलं, "उतर की माय." ती उतरली नाही. एक पाखरू आमच्या नावेजवळ पाण्यावर आलं, पोट बुडवलं आणि ठिबकत ठिबकत परत जाऊन अंड्यांवर बसलं. माय ते बसेपर्यंत बघत राहिली.

"उतर ना," मी म्हटलं, "कशाला थांबलीस? इतकी वर्षं वाट बघितलीस."

"आत्ताच टेकल्यात गं," ती म्हणाली. आणि खाली बसली. "लिंबाजी भाऊ, नाव फिरवा."

मला वेड लागायची पाळी आली. मी ओरडले तिच्यावर. सगळे बूट घालून नाचून गेले, तूच एकटी राहिलीस, तुझंच खळं आहे ते, दोन पाखरं उठली तर काय आभाळ कोसळणार आहे! लिंबाजीसुद्धा म्हणाला, "वैनी, एवढं आणलं तर पाय तरी लावा." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आमाला उठवलं तवा बी असंच ऊन व्हतं. तव्यावर भाकर व्हती. मी बाळंतपणाला आलते, तू पोटात व्हतीस. ट्रॅक्टर आला, म्हनले चला. खळ्यात ज्वारी पसरलेली तशीच ऱ्हायली." एवढंच. लिंबाजीनं वल्हं मारलं. मी नावेच्या कडेला हात आपटत राहिले. राग कुणावर काढायचा हेच मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून कळलेलं नाही. तिच्यावरही आहे तो थोडा. उतरली असती तर काय झालं असतं?

नंतर माय कधीच तिकडे गेली नाही. पुढच्या काही वर्षांत पाणी इतकं आलं की खळं उघडंच पडलं नाही, मग दुष्काळात धरणच आटलं, आणि मग ती गच्चीवर चढेनाशी झाली. बगीचा झाला नाही, झोके आले नाहीत. अण्णांना तिकीट मिळालं नाही. परवा माझ्या भाच्यानं ड्रोननं काढलेला व्हिडिओ मोबाइलवर पाठवला, "मावशी बघ, आपलं बेट." वरून खळं अगदी बांगडीसारखं गोल दिसत होतं. त्यावरून पाखरं भुर्रकन उठताना दिसली, ड्रोनच्या आवाजानं. मी त्याला फोन करून इतकं झापलं की पोरगा आता दिवाळीलासुद्धा लांबून नमस्कार करतो.

त्या दिवशी आम्ही काठाला लागलो तेव्हा जिपा निघून गेल्या होत्या. उष्ट्या पत्रावळी, कुत्री आणि अण्णा एवढेच उरले होते. अण्णा काठापर्यंत आले. त्यांनाही काही तरी बोलून वातावरण हलकं करायचं होतं. हात पुढे करून मायला उतरवून घेत ते म्हणाले, "काय मग, आलीस का माहेर बघून? कोण भेटलं का त्या उजाड माळावर?"

माय अजून अनवाणीच होती. चपला तिच्या हातात होत्या.

"समदे घरीच व्हते," ती म्हणाली, आणि पत्रावळी गोळा करायला वाकली.